वैशाखातली बोट

अहो,

आज दुपारी वसंतभाऊजींचं जायचं ठरणार आहे. तुम्ही गेलात तिथंच, स्कॉटलंडला, डॉक्टरी शिकायला. बोट कंपनीच्या मुंबईच्या माणसाची तार आली आहे. एक जागा वैशाखातल्या बोटीवर आहे, एक कार्तिकातल्या; कोणती हवी ते आजच कळवा म्हणतो. लढाई संपली तरी बोटींवरची गर्दी काही हटलेली नाही, म्हणून ही घाई. तात्यांनी सकाळीच पंचांग काढून बैठकीत ठेवलंय, आणि त्यांचं बोट कुठल्या महिन्यावर थांबणार हे आपल्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. कार्तिक. तुळशीचं लग्न लागल्यावर. तुमच्या वेळी झालं तसंच.

मला बोलायचंय. पण बोलले तर या घरातलं एक माणूस कायमचं मोडेल, आणि गप्प बसले तर वसंतभाऊजींचं काय होईल ते मी एकदा पाहिलेलं आहे. तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला विचारू?

तात्यांवर माझा राग नाही, खरंच नाही. तुम्हाला समुद्रापार धाडलं म्हणून कळमनुरीतल्या किती घरांनी त्यांना पंक्तीला बोलावणं सोडलं होतं, आठवतं? तेव्हा त्यांनी एवढंच धरून ठेवलं. "समुद्राचं मोडलं, आता चातुर्मासाचं मोडणार न्हाई." तिकडचं कॉलेज आश्विनात सुरू होणार होतं आणि तुम्ही कार्तिकात निघालात. बापानं एवढं सोसल्यावर लेकानं तेवढं ऐकू नये?

आणि कार्तिक कोणाला वाईट वाटला होता? आपल्याकडं प्रवास करावा तो हिवाळ्यातच. पैनगंगेला उतार मिळतो, रस्ते वाळलेले असतात, बैलांना धाप लागत नाही. सासूबाईंचं म्हणणं तर असं की थंड मुलखात जायचं तर आपल्या थंडीत निघावं, म्हणजे अंगाला आधीच सवय लागलेली असते. मलाही ते पटलं होतं. मी काय, हिंगोलीच्या पलीकडं कधी गेले होते?

तुम्ही निघालात त्या सकाळी सासूबाईंनी तुमच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि तुमच्याकडून शब्द घेतला. "थंडीला भिऊ नको दिगू. रोज दुपारी उन्हाला पाठ देऊन घटकाभर बसत जाय. थंडी कशी राहती तेच पाहू." तुम्ही हसत हो म्हणालात. आपल्याकडची थंडी तेवढीच तर असते. सकाळी दात वाजतात, आणि दुपारी मागच्या भिंतीला पाठ लावून बसलं की डोळा लागतो. थंडी आहे तिथं दुपार आहे, आणि दुपार आहे तिथं ऊन आहे. याच्यापलीकडं आपल्यापैकी कोणाचं डोकं गेलं नाही. तुमचंसुद्धा नाही, एवढे शिकलेले असून!

माघात तुम्ही गेल्याची तार आली. छातीत सर्दी भरली, एवढंच कळलं. तात्या म्हणाले, आयुष्य तेवढंच होतं. सासूबाईंनीही तेच धरलं आणि त्याच्यावर त्या उभ्या राहिल्या.

वर्षभरानं तुमचे मित्र गोविंदराव तुमचा कोट घेऊन आले. तात्या कोर्टात होते, सासूबाई देवळात. ओसरीच्या कडेला बसून ते माझ्याशी बोलले, माझ्याकडं न बघता. म्हणाले, "वहिनी, तिकडं त्या दिवसांत ऊनच नसतं हो. दुपारी तीनला दिवे लावावे लागतात, अन् वारा तर माणसाला ढकलून देतो. दिगंबर रोज घोंगडी घेऊन टेकडीवरच्या बाकावर जाऊन बसायचा. ढगात जिकडं उजेड दिसंल तिकडं पाठ करून. आम्ही हसायचो, तर म्हणायचा, आईला शब्द दिलाय, ती विचारंल." मग म्हणाले, "खोकला लागला तरी जायचा. आईंना सांगू नका."

मी नाही सांगितलं. आजवर कोणालाच नाही.

पण तुम्हाला विचारते, असं कोणी शब्द पाळतं का? तुमच्या आईनं सांगितलेलं इतकं मनावर घेतलंत, आणि मी काय सांगितलं होतं? अंगात कसर वाटली तर लगेच वैद्य गाठा, असं मीही म्हणाले होते. ते बरं विसरलात. तो बाक दिसला नाही मला कधी, पण पोळ्या लाटताना कितीदा तरी मी तुम्हाला त्याच्यावरून दंडाला धरून उठवलंय. या एका गोष्टीवर मी तुमच्याशी अजून भांडतेय.

गोविंदरावांना मी त्या दिवशी एक वेड्यासारखं विचारलं होतं. म्हटलं, मग तिकडं जायला चांगले दिवस कोणते? वर्षानं मला बोलावून घेणार होतात ना तुम्ही? मी मनात महिने लावतच होते, तो चाळा सुटला नव्हता. ते म्हणाले, वैशाखात निघावं, ज्येष्ठात पोचावं. तेव्हा रात्री जेवणं उरकली तरी बाहेर उजेड असतो. वारा असतोच, तो कधीच जात नाही, पण सोसवतो. आणि पुढं थंडी हळूहळू येते, तोवर माणूस तिला ओळखायला लागतं.

हे ठाऊक असलेलं या घरात माझ्याशिवाय कोणी नाही. आणि काल सासूबाई नवी घोंगडी झटकत वसंतभाऊजींना म्हणाल्या, "थंडीला काय भ्यायचं? दुपारी उन्हाला पाठ देऊन बसायचं बघ." ते हसले. तुमच्यासारखंच हसतात हो ते.

हाक आली. तात्यांना पाणी हवंय. उठते.

आता संध्याकाळ होत आलीय. झालं ते सांगते.

पाणी दिलं आणि आत वळायच्या ऐवजी दारात उभी राहिले. असल्या बोलण्यात माझं काम नाही, हे मला कोणी सांगायला नको. तात्यांचं बोट पंचांगावर फिरत होतं. सासूबाई सूप घेऊन तूर निवडत होत्या, वसंतभाऊजी तारेचा मजकूर लिहायला बसलेले. मी म्हटलं, "तात्या, वैशाखातली बोट घ्या."

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून?"

"कार्तिकात निघालं की ऐन थंडीत पोचणं होतं. तिकडचा वारा फार वाईट. ज्येष्ठात पोचले तर अंगाला हळूहळू सवय होईल."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"गोविंदरावांनी. कोट घेऊन आले होते तेव्हा."

"मला तर काही बोलले न्हाईत." काय सांगणार होते मी?

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "वैशाखात गेलं तर लेकराची घरची दिवाळी हुकती. अन् थंडीचं काय एवढं घेऊन बसलीस पोरी? दुपारी उन्हात बसंल की तो."

बस्स. आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "आई, तिकडं हिवाळ्यात ऊन नसतं," मी म्हणाले.

"नसतं म्हंजी?"

"नसतंच. दिवसदिवस दिसत नाही."

सुपातले हात थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "मग माझा दिगू कुठं बसत होता?"

अहो, काय सांगू तुम्हाला! तो प्रश्न आला आणि सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. मला तो बाक दिसत होता. जिभेवर आलं होतं सगळं.

"शेगडीजवळ, आई," मी म्हणाले. "घरमालकीण बाई फार भली होती. दुपारी मुद्दाम जाळ मोठा करून द्यायची. तिथं बसायचे."

"पाठ देऊन?"

"पाठ देऊन. रोज. तुम्हाला शब्द दिला होता ना."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं सूप पुन्हा वाजायला लागलं.

तात्या मात्र माझ्याकडं बघतच राहिले. मग पंचांग मिटलं. वैशाखाचं पान त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "वसंता, तार कर," एवढंच म्हणाले. "वैशाख." आणि उठून मागच्या अंगणात गेले. तासाभरानं आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांना किती कळलं? मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

वसंतभाऊजींना मी जायच्या आधी एकटं गाठून सगळं खरं सांगेन. त्या मुलखात ऊन शोधत फिरायचं नाही, आईला शब्द दिला असला तरी नाही, हे त्यांच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना मोटारीत बसू देणार नाही. आणि सासूबाईंना, त्या आहेत तोवर, खरं कळू देणार नाही. ती घरमालकीण, ती शेगडी, सगळं मी सांभाळीन. त्या पुन्हा विचारतील, पुन्हा पुन्हा विचारतील. मी दर वेळी तेच सांगेन.

त्या तुमच्याकडं येतील तेव्हा पहिलं हेच विचारतील. शेगडीजवळ बसत होतो, असं सांगा. एवढं माझं ऐका.

तुमची,
मालती