बुधवारच्या तीन गाड्या

प्रिय रुजेरो,

हे पत्र तुला ओर्विएतोच्या तळघरातल्या कोनाड्यात मिळेल, ऑक्टोबरच्या एखाद्या सकाळी. लोकरी मोजे मागणारं माझं पत्रही त्याच आठवड्यात आलं असणार. मोजे पाठवू नकोस. तुझ्या हिशेबाने मला रोमला येऊन सात महिने झालेत. माझ्या हिशेबाने त्यावर आणखी आठ वर्षं झाली. अक्षर थोडं बदललंय, पण लिहिणारी मीच आहे. उभा असशील तर बस.

पाचशे वर्षं पुढून आपल्याला इथे पाठवताना एकच नियम घालून दिला होता. बघायचं, लिहून ठेवायचं, कशाला हात लावायचा नाही. मी हात लावला. कसा, ते सांगते.

कार्डिनल मंडळी नवा पोप निवडायला कोंडून घेऊन बसली की इथे काय चालतं ते तू वाचलंयस, पाहिलेलं नाहीस. ज्याचं नाव निघेल त्याचं घर लोक लुटतात. तो पोप झाला, आता जुन्या घराची त्याला काय गरज, इतकं सरळ. कुणाला त्यात पाप वाटत नाही. शेजारी मुलंबाळं घेऊन येतात आणि खिडक्या चौकटीसकट उचलून नेतात. मी कार्डिनल सासोफेरोंच्या घरी चादरी-रुमालांच्या कामावर होते. पुढचं मला ठाऊकच होतं. दहाव्या दिवशी, गुरुवारी, सासोफेरो पोप होणार आणि दुपारपर्यंत घर लुटलं जाणार. बखरीत त्याखाली एक ओळ आहे, नावाशिवाय: दारावरची एक म्हातारी चेंगरून मेली. ती ओळ मी आपल्या काळात, घरी असताना, स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती.

दारावर मेनिका होती. एकतीस वर्षं तिथेच. पहिल्या दिवशी माझे हात उलटेपालटे करून म्हणाली, “या हातांनी चादरी धुणार? अगं पोरी, चादरीच तुला धुऊन काढतील.” नंतर राखेचं पाणी किती कढवायचं ते तिनेच शिकवलं. मला ताप आला तेव्हा तीन दिवस माझ्या वाट्याच्या चादरी तिने धुतल्या आणि महिनाभर सगळ्यांना ऐकवलं. मी तिला सांगून पाहिलं की मावशी, गुरुवारी बहिणीकडे जाऊन ये, नदीपलीकडे. म्हणाली, “आणि दार कोण बघणार, तू? तुला अजून कडी धड लावता येत नाही.” लोक आले तर, असं विचारलं. “आले तर येतील. दोनदा आलेत, दोन्ही वेळा बातमी खोटी. तोंडावर केरसुणी बसली की मागे फिरतात.”

मग मी विचार केला की घरात काही उरलंच नाही, तर लोक आत घुसणार कशाला? कारभाऱ्याला आतून निरोप आल्याचं खोटं सांगितलं. बुधवारी दुपारी तीन गाड्या भरल्या आणि सगळं सामान मठातल्या जोगिणींकडे हलवलं. समोरचा खाटीक नार्दो दुकानातूनच ओरडला, “काय गं मेनिका, म्हातारा पोप झाला म्हणायचा! आम्हाला पत्ता नाही आणि तुमच्या गाद्यासुद्धा निघाल्या?” मेनिका म्हणाली, “आधी तुझ्या मांसावरच्या माश्या मोज, मग पोप मोज.” सगळी गल्ली हसली. मीही हसले.

मला बखर पाठ होती, रोम पाठ नव्हतं. निवडणूक चालू असताना कार्डिनलचं घर रिकामं होतं ते एकाच कारणाने. आपण निवडून आलोच, असं त्याने धरून चालल्यावर. संध्याकाळी ताटं घेऊन जाणाऱ्यांबरोबर ही बातमी आत पोचली. गुरुवारी मोजणी झाली तेव्हा सासोफेरोंना दोन मतं कमी होती. ही काही अडचण नव्हती. मोजणीनंतर जागेवरून उठून दुसऱ्याच्या बाजूला जाता येतं आणि दोघांनी तसं कबूलही केलं होतं. दोघंही उठले नाहीत. त्यातला एक म्हणे म्हणाला, “यांनी बिऱ्हाड हलवलंच आहे, आता आमच्यावाचून काय अडलंय?” शनिवारी दुसरेच कार्डिनल, पेलारिनो, पोप झाले. लोकांनी त्यांचं घर लुटलं. कुणी मेलं नाही. नार्दोला संगमरवरी कुंड मिळालं, त्यात तो आतडी भिजत घालतो.

पेलारिनो वाईट माणूस नाही. पण सासोफेरोंच्या चौदा महिन्यांच्या कारकिर्दीत एक काम धड व्हायचं होतं, उत्तरेतला तह. तो झाला नाही. ती लढाई अजून चालू आहे. आणि त्या शनिवारपासून आपल्या काळातून काही येत नाही. परतीच्या तीनही ठरलेल्या दिवशी मी आपल्याला परत नेणाऱ्या दारापाशी उभी राहिले. ती नुसती भिंत होती. आपली लेक लुदोविका सहा वर्षांची होती, तुझ्या बहिणीकडे ठेवलेली. माझ्या या बदललेल्या इतिहासात पाचशे वर्षं पुढे गेलं तर आता ना ती आहे, ना तुझी बहीण, ना ते घर. तुझ्या बाजूला अजून सगळं जागेवर आहे. आज तिच्याशी बोलून घे.

आता काय करायचं ते लिहिते. कार्डिनल कोंडून घेऊन बसल्याच्या आठव्या दिवशी, म्हणजे मंगळवारपर्यंत, रोमला पोच. खेचरगाड्या घोड्यांच्या बाजारामागे उभ्या असतात, एका काण्या माणसाच्या. तिन्ही गाड्या बुधवारसाठी तूच ठरव आणि शहराबाहेर काहीतरी आणायला धाड. त्या आठवड्यात दुसऱ्या मिळणार नाहीत. मला भेटू नकोस. वाद घालून तू मला कधी थांबवू शकला नाहीस आणि तेव्हा तर मी ऐकण्याच्या पलीकडे होते.

गुरुवारी सकाळी मात्र मेनिकाला गाठ. तिला सांग की सासोफेरोंचं ताट परत आलं. दाढ दुखतेय, त्यांना चावता येत नाही, आणि तिच्या हातची पावाची पेज मागतायत, बडीशेपेचा पाला घातलेली. दुसरं काही सांगू नकोस. ती पेज करेल आणि स्वतः घेऊन जाईल, कारण ती कुणावर सोपवणार नाही. आत जेवण देतात त्या फिरत्या खिडकीपाशी मोठी रांग असते. शिपाई प्रत्येक भांडं ढवळून बघतात, पाव कुस्करतात. दुपार टळेपर्यंत तिचा नंबर लागणार नाही. घर लुटू दे. खिडक्या नेऊ देत.

हे मला आत्ता, या मंगळवारी कळलं. सासोफेरो आता अगदी थकलेत, तोंडात दात नाही. मेनिका त्यांच्यासाठी पाव भिजवत होती. सहज म्हणाली, “त्या वेळी त्यांनी आतून नुसता निरोप धाडला असता ना, की पेज हवी, तर दार उघडं टाकून गेले असते. पण मोठ्या माणसाला मागायची लाज.” मी आठ वर्षं तिच्याबरोबर राहतेय. हे तिला कधी विचारायला मला सुचलं नाही.

एक गोष्ट राहिली. या उन्हाळ्यात कोनाड्यात तुला एक कोरा कागद सापडला होता. कुणाची गंमत आहे, असं तू मला कळवलं होतंस. तो मी टाकला होता, माझ्या हिशेबाने सहा वर्षांपूर्वी. त्या कोनाड्यातून माणूस मागे जात नाही पण कागद जातो, हे मला तेव्हाच कळलं. गाड्या थांबव एवढंच लिहायचं होतं. लिहिलं असतं तर लुदोविका परत मिळाली असती आणि मेनिका दारात मेली असती. मी कोराच टाकला. मग सहा वर्षं, रोज, पुन्हा लिहिलं नाही. तू ज्या बाईला घरी नेशील तिला यातलं काही ठाऊक नसेल. तिला विचारू नकोस आणि हे पत्र दाखवू नकोस. तिने काही केलेलं नाही. मेनिका बाहेरच्या खोलीतून हाक मारतेय, पत्र किती लांबवणार म्हणून. आता ओर्विएतोला जाऊन हे कोनाड्यात ठेवून येते.

तुझीच,
लाविनिया