रंगुबाईची ओवाळणी

पुणे,
रविवार, ता. ७ नोव्हेंबर १९४८

ती. आक्का हिस,

लालाचा साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. तू आणि दाजी कसे आहात? म्हैस व्यायली का? तुझं डोकं कसं आहे, दुखत नाही ना? दर पत्रात हेच विचारतो म्हणून तू मागे चिडली होतीस. "माजं डोस्कं सोडून तुला दुसरं काय सुचत न्हाई व्हय रं?" सुचतं. पण आधी डोक्याचं कळव.

भाऊबीजेला मी आलो नाही. तू पाट मांडून दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली असशील आणि शेवटी चंद्राला ओवाळलं असशील. बुधवारी एवढे ढग होते, चंद्र तरी दिसला का? मी नंतर तार केली, ‘कामात अडकलो.’ ते खरंच आहे. फक्त कुठे अडकलो ते तारेत मावत नव्हतं.

ते आता सांगतो. बसून वाच.

मी कंपनीत कागद लिहितो असं तुला सांगितलं आहे. लिहितो, पण विमानातून उतरल्यावर. विमान मीच चालवतो आक्का. दोन वर्षं झाली.

विमानातून ब्रह्मदेशच्या लढाईवर गेलेला आपला हंबीरदादा परत आला नाही, त्या साली तू माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवलास आणि विमानात पाय ठेवणार नाही अशी शपथ घ्यायला लावलीस. तेव्हा मी नुसती इंजिनं दुरुस्त करत होतो. शपथ दोन वर्षं पाळली, मग मोडली. डोक्याची चौकशी का करतो ते आता समजलं ना? तुझं कपाळ जरा दुखलं असं कळलं तरी मला जेवण जायचं नाही.

बुधवारी सकाळी पटकीच्या लसीची पेटी सांगलीला पोचवायची होती. ती टाकून, दुपारच्या मोटारीनं वाईला, तुझ्याकडे, असा बेत होता. तुझं लुगडंही पिशवीत होतं. साताऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे ढग इतके खाली आले की डोंगरांचे माथे दिसेनात. आमचं विमान म्हणजे एक इंजिन, लाकडाचा सांगाडा आणि वर कापड. माझं डोकं उघड्यावर. कृष्णेचं पाणी नजरेत ठेवून खालून जात होतो, तर पावसाच्या सरीत नदीही हरवली. डोंगराला धडकण्यापेक्षा पूर्वेकडे वळलो. वाऱ्यानं किती लांब ढकललं कळलंच नाही. इंजिन खोकायला लागलं, पेट्रोलचा काटा तळाला टेकला. तेव्हा मी घाबरलो होतो. तुझ्यापाशी शौर्य कशाला मिरवू?

खाली उघडा माळ दिसला. पण विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवावं लागतं, नाहीतर ते कोलांटी खातं. वारा कुठला ते कळायला धूर नाही, झाड नाही. इतक्यात मेंढरांचा कळप दिसला. सगळी मेंढरं एकाच बाजूला तोंड करून, माना खाली घालून उभी. पावसात मेंढरं वाऱ्याकडे पाठ करतात, हे मला तुझ्याच मळ्यात कळलं होतं. दरसाल खतासाठी मेंढरं बसायची, तेव्हा बांधावर बसून मी दिवसभर तेच बघायचो आणि तू ‘कामचुकार’ म्हणायचीस. मेंढरांची शेपटं ज्या दिशेला, त्याच दिशेला तोंड करून मी विमान खाली घेतलं. चार हिसके बसले, बोरीच्या काट्यांनी पंखाचं कापड हातभर फाटलं आणि विमान थांबलं.

एक घोंगडीवाला धावत आला. जवळ येऊन थबकला.

"आवं, हे तर आक्कांचं लालासाब!"

कोण असेल? आपला धुळा धनगर! म्हणजे मेंढरंही आपल्या मळ्यात बसणारीच. मी हसू की रडू, मला कळेना.

त्यानं आधी पेटी घोड्यावर घालून मोटारीच्या सडकेला पोचवली. रात्रीपर्यंत ती सांगलीला पोचली, लस वाया गेली नाही. त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, माझं पिशवीतलं धोतर फाडून पंखाला ठिगळ शिवलं. टाके इतके बारीक की दुसऱ्या दिवशी पेट्रोल घेऊन आलेला आमचा मिस्त्री बघतच राहिला. मग तिनं घोंगडी अंथरली.

"बसा. आज बीज हाय. भैनीकडं निघाला हुता न्हवं?"

तिनं पितळीत दिवा लावून ओवाळलं. तुला विमानाचं ठाऊक नाही, हे तोवर माझ्या तोंडून निघून गेलं होतं. तुझं लुगडं मी तिच्यापुढे धरलं, तर तिनं हात मागे घेतला.

"ते आक्कांचं हाय. मला ववाळणी दुसरीच पायजे. त्यास्नी खरं सांगा. पुनव झाली की आमी त्यांच्या मळ्यात येनार. त्यांनी इचारलं तर माज्यानं खोटं बोलवायचं न्हाई."

हे पत्र ती ओवाळणी आहे.

मला उडायला फार आवडतं आक्का. वरून आपला मळा दिसतो, विहीर दिसते, एकदा तूही दिसलीस, गवऱ्या थापत होतीस. तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं होतं. वादळात उतरण्याची हिंमत झाली, तुला सांगण्याची होत नव्हती.

पुनवेनंतर मेंढरं तुझ्याकडे येतील. त्याच आठवड्यात मी मोटारीनं येतो. राहिलेलं ओवाळून घे, मग हवं तेवढं रागव. शपथ मी मोडली, पण सोडवायची ती तूच. ‘सुटली’ एवढं तोंडानं म्हण. नाही म्हणालीस तर मी खरोखरच कागद लिहीत बसेन. या वेळी हात तुझ्या डोक्यावर ठेवणार नाही, माझ्याच डोक्यावर ठेवून सांगतो.

दाजींना नमस्कार.

दोन वर्षं तुझं डोकं शाबूत ठेवलं म्हणून यमाईला नारळ बोललेला,
तुझा खोटारडा, जिवंत
लाला