चालत उतरलेला घाट

आई, परवा मी आंबोलीचा घाट चालत उतरले. सायकल हातात धरलेली, पायात नुसते मोजे, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्या काच खाली करून विचारतायत, "काकू, पंक्चर काय?" बावन्नाव्या वर्षी तुझी पोरगी हे उद्योग का करते, हे तुला पहिल्यापासूनच सांगायला पाहिजे. तू गेलीस तेव्हा मी स्कूटरवरून शाळेत शिकवायला जात होते आणि सायकल सोडून मला दहा वर्षं झाली होती. तुला जाऊन आता एकवीस वर्षं झाली. मधे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा, आणि चालायचा मला पहिल्यापासून कंटाळा, तुला ठाऊक आहे. आधी कळंब्याच्या तळ्यापर्यंत गेले, मग पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत, मग एक दिवस पन्हाळ्यावर, आणि मग चटकच लागली. आता आमचा चाळीसेक सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. वर्षातून एकदा तीनशे किलोमीटरची फेरी असते. पहाटे कळंब्याहून निघायचं, गारगोटी, आजरा करत आंबोली गाठायची, घाट उतरून कोकणात जायचं, सावंतवाडी, कणकवली आणि शेवटी गगनबावड्याचा घाट चढून घरी. वीस तासांत. शर्यत नाही, कुणाचा पहिला नंबर नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा, एवढंच.

एवढंच म्हणते खरी, पण दोन वर्षं मी ही फेरी अर्ध्यात सोडून आले होते. एकदा पोटानं घात केला, एकदा गुडघ्यानं. तुझा जावई या वेळी म्हणाला, "बाई गं, यंदा काय ते पुरं करून टाक. सगळी गल्ली मला विचारते, मी किती वेळा सांगू?" आणि गंमत म्हणजे ग्रुपमध्ये फेरीच्या आधी सुरक्षेचं भाषण माझ्याकडे असतं, मास्तरीण ना मी. आदल्या दोन रात्री भरपूर झोपा, भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, दोन दिवे घ्या, अंगात चकाकणारं जाकीट घाला, ब्रेक स्वतःच्या हातानं तपासा, दुसऱ्यावर ढकलू नका. पोरं माना डोलावतात. त्या भाषणात घाटाच्या उतारावर चार वाक्यं असतात. ती मी तुझ्याकडून घेतलेली आहेत आणि तुझं नाव मी आजवर कधी घेतलेलं नाही.

तुझी सायकल आठवते. काळी, उंच, मागं कॅरियरवर लसीचा डबा सुतळीनं आवळून बांधलेला. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला पाच वाड्यांची तू एकटी नर्स. आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि त्यातल्या स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह. एकावर आमटी, दुसऱ्यावर ॲल्युमिनियमच्या भांड्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळतायत. मी अकरा वर्षांची, आमटी ढवळता ढवळता विचारते, "झालं असेल की आता, उतरू का?" तू घड्याळाकडं बघतेस आणि म्हणतेस, "आमटी उतर. सुया न्हाय." मग पांढरं लुगडं खोचून तू निघतेस. शाळेपर्यंत मी कॅरियरच्या कडेला, डब्याला टेकून. चढ आला की तू खाली उतरतेस, ते समजण्यासारखं आहे. पण उतार आला तरी खाली उतरतेस. अख्ख्या तालुक्यात उताराला सायकलवरून उतरून चालणारं माणूस एकच, आणि ते माझी आई.

शाळेतली पोरं त्याच उतारावरून पाय फाकवून, आरोळ्या ठोकत खाली जायची. खाली चहाच्या दुकानात म्हातारी माणसं बसलेली असायची. त्यातला एक रोज न चुकता म्हणायचा, "ओ बाई, सायकल दमली व्हय? हाताला धरून आणलीसा." बाकीचे हसायचे. तूही हसायचीस आणि म्हणायचीस, "सायकल कशाला दमतीया. मला उताराचं भ्या वाटतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी विचारलं होतं तुला, चढालाही चालायचं आणि उतारालाही चालायचं, मग सायकल ठेवायची कशाला. तू म्हणालीस, "सपाटीला हाय की."

म्हणून मी वर्गात एक गोष्ट रचली. माझी आई उतरून चालते ते लसीसाठी, असं मी सांगत सुटले. हादरे बसले तर लस बिघडते, बाळांना लागू पडत नाही, म्हणून ती स्वतः त्रास काढते. ऐकायला काय छान वाटायचं. पोरींच्या डोळ्यांत तुझ्याबद्दल आदर दिसायला लागला. गुरुजींच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी एकदा रस्त्यात सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं. मी तुझ्याकडे बघत होते, फक्त हो म्हण, आई, एवढंच मनात. आणि तू म्हणालीस, "लसीला काय हुतंय गुरुजी? डबा आवळून बांधलाय की. मलाच भ्या वाटतंय, म्हणून उतरून चालतो." गुरुजी ओशाळले. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत मी तुझी सायकल घेऊन तो उतार एका दमात उतरायला गेले. घराण्याची अब्रू राखायला म्हण हवं तर. अर्ध्यापर्यंत जे सुख लागलं ते खोटं सांगणार नाही, तसं पुन्हा फार थोड्या वेळा लागलं. मग वळणावर उसाची बैलगाडी आली, आणि मी करवंदीच्या जाळीत. समोरचा दात अर्धा गेला, कोपर सोलवटलं. तू मला क्वार्टरवर आणलंस, स्पिरिटनं जखम पुसलीस, पट्टी बांधलीस, गाठ मारलीस, आणि मग कानाखाली एक लावलीस. क्रम चुकू दिला नाहीस. नंतर पट्टीचं सामान आवरता आवरता म्हणालीस, "चढ दमवतोय, म्हणून माणूस थांबतंय. उतार दमवत न्हाय, म्हणून कुणी थांबत न्हाय. आणि थांबायचं असतंय उतारालाच." दहावी झाल्यावर तू मला माझी सायकल घेऊन दिलीस तेव्हाही शपथ घातलीस, उताराला भ्या वाटलं तर उतरायचं. मी शपथ घेतली. उतरले मात्र कधीच नाही, कारण मला भीती वाटत नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

परवा आंबोलीत पोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि धुकं इतकं की पुढच्या सायकलवाल्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता. पाऊस नव्हता, पण अंगावरून सारखं पाणी निथळत होतं. वेळेच्या हिशोबात मी अर्धा तास पुढे होते. घाट उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, मग सगळं हातात. पहिली दोन वळणं मी बसून उतरले. ब्रेक उत्तम होते, आई. आदल्या दिवशी मी स्वतः तपासले होते. पण पहाटेपासून सायकल हाणून आणि गारठून माझी बोटं ब्रेकवर नीट वळतच नव्हती, आणि डोळ्यांवर अशी ग्लानी यायला लागली की धुकं बाहेर आहे की डोक्यात, तेच कळेना. तिसऱ्या वळणावर शेवाळलेल्या डांबरावर मागचं चाक वीतभर सरकलं. मी कठड्याला टेकून थांबले. खाली काहीच दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. माझ्या मागून आलेली दोन पोरं "ताई, ओके?" म्हणत सुळकन गेली. ओके म्हटलं मी.

कठड्याशी दहा मिनिटं तरी उभी असेन. चॉकलेट खाल्लं, हात काखेत धरले. बोटं ऊब धरत होती पण छातीतली धडधड जाईना. पुन्हा सायकलवर बसायचं म्हणून टांग टाकली आणि टाकताच कळलं की मला भीती वाटतेय. बोटांची नाही, धुक्याची नाही. सरळ भीती. चालत गेले तर दीड तास जाणार, पुढचा शिक्का चुकणार, तिसऱ्या वर्षीही अर्ध्यातच, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि बसून गेले तर काय होईल ते दिसत नव्हतं. मी उतरले. पेडलला अडकणारे आमचे बूट खालून लोखंडाचे असतात, ओल्या डांबरावर घसरतात, म्हणून ते काढून हँडलला लटकवले आणि मोज्यांवर चालायला लागले. पहिला एक किलोमीटर मला नुसता राग येत होता. माझा, घाटाचा, तुझासुद्धा. मग धबधब्यापाशी मका खाणारी माणसं दिसली, माकडं दिसली, झाडाच्या बुंध्यावरचं शेवाळ दिसलं, आणि मला एकदम वाटलं की तू असतीस तर आपण दोघी गप्पा मारत उतरलो असतो. रडू आलं. धुक्यात कुणाला दिसलं नाही, बरं झालं.

कणकवलीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर शिक्क्याचं ठिकाण होतं. मी पोचले तेव्हा मुदत उलटून अर्धा तास झाला होता. ग्रुपचा एक पोरगा गाडी घेऊन थांबला होता. त्यानं चहा हातात दिला आणि विचारलं, "काय झालं ताई? तुम्ही तर पुढं होता." मला तेव्हा खरं सांगायला काय धाड भरली होती, आई? मी म्हणाले, "ब्रेक." कसं अलगद आलं तोंडातून. मागचा ब्रेक लागेना, माझीच चूक, नीट बघितला नव्हता, काय करणार, चालत उतरले. त्यानं हळहळून मान हलवली आणि माझी सायकल घरी न्यायला गाडीत टाकली. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवरही तेच लिहिलं आणि चाळीस जणांचे अंगठे आले. कुणी लिहिलं, ब्रेक नसताना घाट चालत उतरलात, मानलं तुम्हाला. विसरभोळी म्हणवून घेणं मला चाललं, पण भित्री नको. लसीची गोष्ट अकरा वर्षांच्या पोरीनं सांगितली होती, तिला माफ करता येईल. ही बावन्न वर्षांच्या बाईनं सांगितली.

हे तेवढ्यावर राहिलं असतं तर तुला लिहायला बसले नसते. ग्रुपमध्ये एक पोरगी नवीन आलीय, हातकणंगल्याकडची, दूध डेअरीत नोकरीला. सायकल चांगली चालवते, पण घाट कधी केलेला नाही. या रविवारी ती आणि आणखी दोघं आंबोलीला निघालेत. काल दुपारी तिचा फोन आला. "बाई, तुमचा मागचा ब्रेक गेलता न्हवं? मी दोन्हीबी नवीन घालून घेतल्यात. आता काय भ्या न्हाय. आता सोडायची सरळ."

माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, तो खाली ठेवला. आता काय भ्या न्हाय, हे तिला मी शिकवलं होतं. न बिघडलेल्या ब्रेकनं शिकवलं होतं. मी उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, "ऐक. माझे ब्रेक चांगले होते."

"मग?"

"भ्या वाटलं म्हणून उतरले."

ती हळू आवाजात म्हणाली, "तुमाला बी वाटतंय व्हय?" आणि एकदम मोकळी झाली. "मला तर पंधरा दिस झालं झोप न्हाय बाई. कुणाला सांगू कळंना, म्हणून ब्रेकच बदलून आणलं."

मी तिला सांगितलं, ब्रेक बदललेस ते चांगलं केलंस, पण बोटं गारठली किंवा छातीत धडधडायला लागलं तर खाली उतर आणि चालत जा, बुटांबरोबर साध्या चपला पिशवीत घे. ती म्हणाली, "संगट पोरं हायती. हसतील की." मी म्हणाले, "हसतील की. हसू दे." हे बोलताना माझा आवाज तुझ्यासारखा आला, असं मला वाटलं. कदाचित वाटलंच असेल. पण तू ते वाक्य रोज, चहाच्या दुकानासमोर, दहा माणसांच्या तोंडावर जगत होतीस, आणि मी एकदाच बोलले, तेही दार लावून. तुला मी जन्मभर भित्री समजले, आई. त्या उतारावरची सगळ्यात धीट बाई तू होतीस.

हे पत्र कुठं पाठवणार. शाळेच्या वहीत लिहिलंय, वहीतच राहील. तुला लिहायला धाडस लागत नाही, तू काही वाचायची नाहीस. तेवढं एक राहिलं सांगायचं. पोरीला खरं सांगितलं, तुला सांगितलं. ग्रुपवर मात्र माझा ब्रेक अजून खराबच आहे.