शिंपल्यातलं भोक

२८ नोव्हेंबर १९७१

मास्तरांना तो दगड दाखवायलाच नको होता! आमच्या पोरानं, गोरक्षनं, दिवाळीला रजेवर येताना आणलेला. जैसलमेरकडं रणगाड्यांचा सराव होता, तिथल्या माळावर सापडला. दगडात आख्खा शिंपला, वर बारीक गोल भोक. मला वाटलं, कुणी माळेत ओवायला पाडलं असेल.

आसाराम मास्तर शाळेत शास्त्र शिकवतात. म्हणाले, माणूस जन्मायच्या कितीतरी आधी तिथं समुद्र होता. शिंपल्यातला जीव घट्ट मिटून बसायचा. एका जातीची गोगलगाय वर चढायची, कवच पोखरायची आणि आतल्याला खायची. "भोक दिसलं की समजायचं, आतला गेला."

आमचा गोरक्ष रणगाड्यात बसतो. झाकण लावून.

३० नोव्हेंबर

दगड कोनाड्यात पालथा घालून ठेवला.

४ डिसेंबर

लढाई लागली. चहाच्या दुकानात रेडिओभोवती गर्दी. रणगाड्यांचं नाव निघालं की उठावंसं वाटतं — उठवत नाही. त्याची पलटण पंजाबाकडं गेली म्हणतात.

७ डिसेंबर

मेण वितळवून भोकात भरायला बसलो. भागिरथीनं पाहिलं. "अवो, दगडाला मलम लावताय व्हय?"

मग सांगावंच लागलं. ती हसली नाही. खराट्याची काडी घेतली, भोकात घातली. "ही पार जात न्हाई. अर्ध्यातच अडती."

तसाच मास्तरांकडं गेलो. त्यांनीही काडी घालून पाहिली. म्हणाले, कधी कधी गोगलगाय अर्ध्यात सोडून जाते. हा जीव तिच्या हातून तरी वाचला. मला त्यांच्यासमोरच रडू आलं. लाज वाटली.

१७ डिसेंबर

लढाई थांबली. गावात पेढे वाटले. गोरक्षचं काहीच कळत नाही. मास्तर म्हणतात, वाईट असतं तर तार आली असती. सायकलची घंटी वाजली की दाराशी जाऊन बघतो, तारवाला तर नाही.

९ फेब्रुवारी १९७२

गोरक्ष आला! हातपाय धड. भागिरथीनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. आल्या आल्या नदीकडं जाऊन बसला.

१० फेब्रुवारी

जेवताना म्हणालो, तुझ्या गाडीला भोक पडेल म्हणून आम्ही इथं मरत होतो रे.

तो भाकरी कुस्करत राहिला. "आबा, भोकं मी पाडली. एका गाडीचं झाकण उघडून बगितलं. आत माज्याच वयाचं पोरगं हुतं."

मग पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला. पोराच्या हाताला हात लागेल म्हणून मी भ्यालो.