आकृती क्रमांक चार आणि माझे डोके

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कारातील 'शिर' डॉक्टरांच्या आज्ञेवरून तूर्त वगळून बाकी सर्व नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आईबाबा कुशल आहेत. मीही कुशल आहे असे गेल्या आठवड्यात मी सर्वांना इतक्या ठामपणे सांगितले की त्या शब्दावरचा माझा विश्वासच उडाला आहे. पत्र त्रोटक लिहावे अशी डॉक्टरांची अट आहे. ती पाळली जाणार नाही हे तुला एव्हाना कळलेच असेल.

विनंती विशेष अशी की, पाठ्यपुस्तकांच्या ज्या छापखान्यात मी मुद्रिते तपासते, तेथे भाऊजींचे एक वर्गमित्र आकृत्या काढतात हे तुला ठाऊक आहेच. (त्यांना सर्वजण 'आकृतीवाले' म्हणतात. मी मनातसुद्धा तेच म्हणते, यावरून माझ्या धाडसाची कल्पना यावी.) आजवर आमचे सारे संभाषण पानाच्या समासात झाले. मी पेन्सिलीने लिहायचे, 'बाण उलटा आहे.' ते खाली लिहायचे, 'सुलटा केला.' एकदा त्यांनी 'आभारी आहे' असेही लिहिले होते, आणि ते पान छपाईला पाठवायला मी विनाकारण उशीर केला होता.

तर गेल्या आठवड्यात हे गृहस्थ समासाचा राजमार्ग सोडून प्रत्यक्ष माझ्या टेबलाकडे चालत येऊ लागले. अशा वेळी सुशिक्षित स्त्रीने काय करावे? मी न पडलेली पेन्सिल उचलायला टेबलाखाली गेले. त्यांची पावले परत फिरल्याची खात्री झाल्यावर झटकन वर आले, आणि मीच उघड्या ठेवलेल्या खणाचा कोपरा डोक्यात बसला. रक्त आले नाही. (आले असते तर बरे झाले असते, रक्त दिसल्याखेरीज आपल्याकडे कोणी कोणाला आजारी मानत नाही.) आमच्या प्रमुखांनी आधी खण तपासला, मग मला. "जुनं टेबल आहे हो ते, जपून उठत जा," एवढे म्हणून ते गेले आणि मी कामाला लागले.

समोर काम होते आरोग्याच्या पुस्तकातील 'डोक्याला मार लागल्यास' या पाठाचे. त्यात लक्षणे दिलेली होती: डोके दुखणे, मळमळणे, अक्षरे धूसर दिसणे, उजेड सहन न होणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे. मला अक्षरे धूसर दिसत होती, म्हणून मी 'छपाई फिकी' असा शेरा मारला. उजेड खुपत होता, म्हणून कागद वाजवीपेक्षा पांढरा असल्याची तक्रार नोंदवली. 'पुन्हा पुन्हा' या शब्दांवर 'पुनरुक्ती' अशी खूण केली, आणि ती खूण पुन्हा पुन्हा केली. सारी उत्तरे डोळ्यांपुढे असताना मी त्यांचे स्वल्पविराम तेवढे दुरुस्त केले. शालान्त परीक्षेत पहिली आलेली मुलगी आहे मी, ताई!

यापुढचे, डॉक्टरांकडे पोचेपर्यंतचे, मला काहीही आठवत नाही. टंकलेखिका काकू सांगतात की मी उठले, तडक आकृतीवाल्यांच्या टेबलापाशी गेले आणि बोलले. मान वर करून, हातवारे करून बोलले. काकू खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शेजारी यंत्र धडधडत असलेले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला देखावा आला, शब्द आले नाहीत. "अगं, मला वाटलं तू आता त्यांना अंगठे धरून उभं करतेस," एवढीच त्यांची साक्ष. मग आकृतीवाल्यांनी खिडकी लावून घेतली, मला खुर्चीत बसवले आणि काकूंना हाक मारली, "या एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताहेत. लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं." (पाठ मी तपासला होता, त्यांनी तो वाचला होता.) कोणता प्रश्न, असे काकूंनी विचारले, तेव्हा ते पेन्सिलीला टोक काढू लागले. ती आधीच टोकदार होती म्हणे.

डॉक्टरांनी तारीख विचारली. ही तोंडी परीक्षा आहे असे समजून मी त्यांच्या मागच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतून उत्तर दिले. माझ्या आयुष्यातील ही पहिली कॉपी, आणि पान मागच्या महिन्याचे निघाले. मेंदूला हादरा बसला आहे, असे निदान झाले. उलट्या झाल्या, दुखणे वाढले किंवा फार गुंगी आली तर तडक परत या, एरवी विश्रांती, मग एकेक काम हळूहळू, वाचन बंद. आईने पुस्तके तर उचललीच, पण कपाटात अंथरलेली वर्तमानपत्रेही काढली आणि तेलाची बाटली लेबल भिंतीकडे करून ठेवली. बाबांकडे माझ्या स्मृतीची परीक्षा घेण्याचे काम आले. आईचा वाढदिवस कधी, असे त्यांनी विचारले, मी सांगितला, "चूक!" असे ते हळहळत म्हणाले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मार तिला लागलाय की तुम्हाला?" तेव्हापासून परीक्षा स्थगित आहे.

आता बरीच बरी आहे. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालते, अर्धे पान वाचते, मग धुके येते आणि मी निमूटपणे थांबते. पण डॉक्टर म्हणतात की तेवढ्या वेळेची आठवण बहुधा परत येणार नाही. खणाचे, डोक्याचे मला काही वाटत नाही. वाईट एवढ्याचेच वाटते की जन्मात एकदा धाडस केले, आणि त्या वेळी मीच हजर नव्हते.

तुझी,
मान ताठ ठेवून लिहिणारी
धाकटी

ता. क. भाऊजींना त्यांच्या वर्गमित्रांकडे सहज म्हणून जायला सांगशील का? मी काय बोलले ते सहज म्हणून विचारायचे. सहज म्हणजे अगदी सहज. उद्या गेले तरी चालेल.

आणखी एक. सांगताना ते हसले, तर भाऊजींनी म्हणावे की ती मुळीच शुद्धीवर नव्हती. हसले नाहीत, तर ती पूर्ण शुद्धीवर होती.

शेवटचे. पाकीट चिकटवणार इतक्यात काकू भेटून गेल्या. आकृतीवाल्यांचा निरोप आहे: "त्यांना 'हो' म्हणून सांगा. पण बरं वाटलं की त्यांनी एकदा पुन्हा विचारावं." काकू दारातून तीनदा म्हणाल्या, "हो कशाला गं? सांग ना, हो कशाला?" ताई, इतकी वर्षे परीक्षा दिल्या, पण उत्तर मिळाले आणि प्रश्नच ठाऊक नाही असे कधी झाले नव्हते. भाऊजींना आजच पाठव. मात्र एक आहे. त्या पाठातील आकृती क्रमांक चारमध्ये कवटीजवळचा एक बाण मला संशयास्पद वाटला होता. माझा प्रश्न त्या बाणाविषयी होता असे निघाले, तर मला कळवू नकोस. मी दुसरा विचारीन.