स्टिअरिंगचा नवा सांधा

प्रिय सूनबाई,

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझ्या नवऱ्याची वकिली करायला मी बसलेली नाही. त्या दिवशी उतारावर स्टिअरिंगचा सांधा निखळला, चाक नुसतं त्याच्या हातात गरगरत राहिलं आणि स्वारी मोटारीसकट खड्ड्यात गेली, तेव्हा घरात एक तर मोटार राहील नाहीतर मी, असं बजावून तू माहेरी निघून गेलीस. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते, तर जाता जाता त्याची हत्यारांची पेटीही विहिरीत टाकली असती.

तुझ्यामागे तो तोंड पाडून बसला होता. दुखावलेला हात गळ्यातल्या झोळीतून सुटला तसा उठला आणि मोटार खोलून बसला. पुढच्या दोन चाकांमधला आस वाकला होता. नुसता सरळ करून भागणार नाही म्हणाला. लोहाराकडून जाड पोलादाचा नवा घडवून घेतला, खालून आधाराची सळई ताणून बसवली. भार पेलतो का ते पाहायला तुझे सासरे, चुलतसासरे आणि माझा भाऊ अशी सगळी वजनदार मंडळी पुढच्या बाजूला चढवली. आपल्या घरातली पोटं पहिल्यांदाच कुणाच्या कामी आली. आस तसूभर वाकला नाही.

माझा जीव मात्र त्या सांध्यातच अडकला होता. लोखंडी गोळा वाटीत बसतो आणि झिजला की निसटतो, एवढं मला समजलं. त्याने गोळा मोठा केला, मागे स्प्रिंग घातली. मी म्हटलं, आणि तरीही निसटला तर? त्यावर तो उठून चामड्याचा तुकडा घेऊन आला. मग आम्ही मायलेकांनी सांध्याला चामड्याची पिशवी शिवली, आत ग्रीस भरलं, वरून पट्टा आवळला. सुईने माझ्या बोटांची चाळण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्याने गोळा मुद्दाम वाटीतून काढला, पट्टा पुन्हा आवळला आणि मोटार हळूहळू चालवली. पट्ट्याने चाकं वळवणारा दांडा सोडला नाही. वळवली तशी चाकं वळली. मी पायरीवर बसून रडले, आणि त्या दुपारी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

हे सगळं तोंडी सांगता आलं असतं. पण मी समोर उभी राहिले असते, तर तू माझ्या शब्दाखातर निघाली असतीस आणि भीती तशीच सोबत घेऊन आली असतीस. ते मला नको. म्हणून हा कागद तुझ्या बहिणीच्या हाती आत पाठवतेय. मी फाटकाबाहेर मोटारीत बसलेय. गोळा वाटीत आहे, वर पट्टाही आहे, आणि तोच उतार उतरून आलो. मी त्याच्या शेजारी, डोळे उघडे ठेवून. नाही म्हणालीस तरी राग नाही, आलो तसे सांभाळून परत जाऊ. फक्त कुणाकडून तरी तांब्याभर पाणी पाठव. माझे पाय अजून लटपटतायत, आणि हे त्याला कळू द्यायचं नाही.

तुझीच,
सासूबाई