न धुतलेली लुगडी

कार्तिक वद्य पंचमी, शके १८६६

दोन वाकळा शिवायच्या ठरवल्या. एक महांतप्पाला, एक बंडप्पाला. कापड कंट्रोलचं, मिळंना — पन म्हणून न्हाय. मिळालं असतं तरी माझ्याच लुगड्यांच्या शिवल्या असत्या. माझ्यामागं पोरं कुणाला चिकटून झोपतील?

खोकल्यानं जीव मेटाकुटीला आलाय. काढे पिऊन पिऊन जीभ कडू झाली, खोकला जागच्या जागी! हे म्हणतात, "थंडीचा हाय, जाईल." जाईल की. मला घिऊनच जाईल.

माझी अव्वा सांगायची — वाकळंच्या आतलं लुगडं धुऊ नये, धुतलेल्या लुगड्यात आई राहत न्हाय. माहेरी सगळ्या तसंच करतात. म्या बी तेच केलं. वरचं-खालचं धुतलं, आतली इरकल अंगावरनं उतरवली तशीच घातली.

कार्तिक वद्य एकादशी

महांतप्पाची झाली. टाके वाकडे पडले. वन्सं बोलल्याच, "जगदेवी, ह्या टाक्यांतनं म्हैस जाईल गं!" जाऊ द्या म्हशीला! नवरा गेल्यापासनं ह्या आमच्यातच ऱ्हात्यात, आन् जीभ त्यांच्याआधी उठती. पन पोरांचं सगळं त्याच बघत्यात, खोटं कशाला लिहू.

महांतप्पा शाळेतनं आला की वाकळंत शिरतो, आतनंच उर्दूचे धडे घोकतो. अकरा वर्षांचा घोडा!

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

बंडप्पाची बी झाली. तोंडावरनं घिऊन म्हणतो, "अव्वा, ह्यात तू हाईस!" हसू आलं. मग खोकला.

मार्गशीर्ष अमावास्या, येळवस

हे नको म्हणत होते. म्या ऐकलं न्हाय. वर्साची येळवस, शेत पुजायचा सण, घरात बसून काय भिंती चाटू? बैलगाडीत आंबिलाचं बिंदगं, भज्जी, बाजरीचे उंडे, आन् दोन्ही वाकळा. ज्वारी छातीएवढी उभी. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजले. पोरं "ओलगे, ओलगे" वरडत शिवारभर पळाली. माझं पयलं येळवशीचं जेवण असं, की घास गिळंना.

दुपारी बोरीखाली वाकळा हातरल्या. दोघं दोन्ही बाजूंनी मला बिलगून पडले. बंडप्पाचं डोस्कं माझ्या गळ्याशी. लई बरं वाटलं. खोटं न्हाय, तेवढा वेळ वाटलं की मी जगणार.

समोर बांधाच्या कोपऱ्यात सासूबाईंची समाधी. आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात. तिच्या शेजारची जागा माझी, बघून ठेवली.

मग उबळ आली. मातीत थुंकले — लाल! पायानं माती लोटली. महांतप्पानं बघितलं. परत येताना गाडीत माझ्याकडं पाठ करून बसला.

पौष शुद्ध पंचमी

सोलापूरला नेलं. डॉक्टर यांच्याशीच बोलले, मी जणू खुंटीवरचं लुगडं. क्षय हाय. भांडी वेगळी, खोली वेगळी, पोरांना जवळ घ्यायचं न्हाय. "यांच्या अंगावरचं कापड पोरांच्या अंगाला लागू देऊ नका. वापरलेलं जाळा."

तोंड उघडलं मग म्या. "आन् वाकळा?"

"कसल्या वाकळा?"

सांगितलं. आतलं लुगडं न धुता घातलं, ते बी सांगितलं. पोरं किती दिवस पांघरतात म्हणून विचारलं त्यांनी. नंतर खाली बघून लिहीत बसले.

धोंडा पडो माझ्या हातांवर!

पौष शुद्ध षष्ठी

जाळल्या. परसात. आमच्यात मढं सुदिक जाळत न्हाईत — म्या लेकरांची पांघरुणं जाळली. महांतप्पानं आपली घडी करून स्वतः आणून ठेवली. बंडप्पा सोडंना. वाकळंत तोंड खुपसून, दातांनी धरून लोळला. वन्संनी वढून काढली, तवा कोपरा टरकला. "मला गार लागतंय, अव्वा!" वरडत होता. काडी म्याच लावली. दुसऱ्या कुणाला लावू दिली न्हाय.

आता गोठ्याशेजारच्या खोलीत माझं अंथरूण.

पौष वद्य तृतीया

कुणी आलं न्हाय. बरंच हाय.

पौष वद्य दशमी

वन्सं म्हणाल्या, "लेकरं झुरत्यात. वढ्यापतोर लांबनं तरी घिऊन जा." गेले. पोरं म्होरं, मी पदर तोंडाला लावून लई मागं. महांतप्पा पाण्यात चपट्या खापऱ्या फेकून दाखवत होता. तेवढ्यात बंडप्पा वळला आन् हात पसरून माझ्याकडंच पळत सुटला.

"थांब! येऊ नगंस!" थांबंना. म्या ढेकूळ उचललं आन् मारलं. पोटच्या पोराला! लागलं न्हाय, पायापाशी फुटलं. पन तो थांबला. रडला बी न्हाय. भावाचा हात धरून घरी गेला.

ते वाचले म्हंजे झालं. मला हेच कळतं. वाकळा गेल्या, माया गेली, जाऊ दे. वाचू देत.

माघ शुद्ध चतुर्थी

बंडप्पाला बारीक ताप. उतरंना. आज अंग पुसताना वन्संनी त्याच्या गळ्यातलं, इष्टलिंग बांधायचं वस्त्र सोडलं. दुसऱ्याचं लिंग कोण उघडून बघतं? आत माझ्या इरकलची चिंधी. रोज रातच्याला काढून तोंडात धरून झोपतो, म्हणे.

वन्संनी विचारलं, हे काय रे?

"एवढी अव्वा म्या वाचीवली."